भुकेचे चार महिने

"चपला काढा," सिस्टर म्हणाली.

मी चपला काढल्या. मग बांगड्या काढल्या, घड्याळ काढलं, पर्स खुर्चीत ठेवली. गळ्यातल्या मंगळसूत्राला हात घातला तशी ती हसली. "राहू द्या मावशी. त्यानं काय फरक पडणार आहे?"

काट्यावर चढताना मी श्वास आत ओढून धरला. आकडे थोडे हलले आणि थांबले. ऐंशी पूर्णांक सहा.

पुण्यातल्या त्या हॉस्पिटलात आम्ही सकाळपासून होतो. मी कराडहून आले होते आणि माझी धाकटी बहीण गिरिजा लातूरहून. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठ महिने ती डायलिसिसवर होती, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. तिच्या नवऱ्याचा, बसवराजचा रक्तगट जुळला नव्हता. मुलगी शाळेत. आईवडील कधीच गेलेले, भाऊ नाही. राहिले मी.

डॉक्टर मोहरील चष्मा पुसत बोलायचे. "तुमचा रक्तगट जुळतोय. दोन्ही किडन्या छान आहेत. साखर जरा काठावर आहे, बीपी थोडं वर आहे, ते बघू. पण या वजनाला मी तुमची किडनी काढणार नाही. ऑपरेशनचा धोका वाढतो. आणि नंतर एकाच किडनीवर तुम्हाला आयुष्य काढायचंय. बहात्तरच्या खाली या. सत्तर झालं तर फारच छान."

"किती दिवसांत?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्यांच्या हाताची शीर डायलिसिससाठी जोडून घेतलीये, ती दोनदा बंद पडलीये. तिसऱ्यांदा पडली तर अवघड आहे. लवकर या, एवढंच सांगतो."

मी बाहेर आले. गिरिजा भिंतीशी बाकावर बसली होती. तोंड सुजलेलं आणि मनगटं काडीसारखी. एक्केचाळीस वर्षांची बाई, पण मला ती कोणाची तरी म्हातारी आत्या वाटली.

"काय म्हणाले?"

"नऊ किलो उतरवा म्हणाले."

ती माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिली आणि हसली. "राहू दे आक्का. घरी जा. मी मरायच्या आत तू काय बारीक होत नाहीस."

"काहीतरीच बोलू नको."

"आणि मी मागितलं नव्हतं तुझ्याकडं. बसवराजनं फोन केला तुला. मी नको म्हणत होते."

"मागितलं नाहीस, तेच चुकलं तुझं," मी म्हटलं. पण ते मला लागलं. गिरिजानं माझ्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं. दसऱ्याला एक फोन, संक्रांतीला एक फोन, तब्येत बरी आहे का, सगळं ठीक, ठेवते. अशी आमची वर्षं गेली होती.

मी तेव्हा बावन्न वर्षांची होते. पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि त्या दीड वर्षात अंगावर दहाएक किलो येऊन बसले होते. खाणं वाढलं नव्हतं, तरी ते कुठून आले मला कळलं नाही. पोट पुढं आलं, दंड ब्लाउजमध्ये मावेनात. त्यातून माझा धंदा फराळाचा. कराडात सोमवार पेठेत घराच्या मागच्या पडवीत दोन शेगड्या मांडून मी चकल्या, शेव, लाडू, करंज्या करून द्यायची. मदतीला सुनंदा होती. दिवसभर तेलातुपात हात. कढईसमोर बसलं की एकदम मानेतून वर आग चढायची आणि पदर ओला व्हायचा. तो घाम कढईचा का आतला, ते मला ओळखू यायचं नाही.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"तुला काही झालं तर?"

"मला काय होतंय."

"तसं नव्हे. गिरिजाचं वाईट वाटतंच मला. पण ती तुझ्याशी वर्षातून दोनदा बोलते प्रमिला. तेही पाहुण्यासारखं."

"म्हणून काय झालं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी फिरायला निघाले तर हेही बूट घालून तयार होते.

मी सुरुवात केली ती माझ्या पद्धतीनं, म्हणजे उपाशी राहून. सकाळी कोमट पाणी, दुपारी एक भाकरी, रात्री काही नाही. पहाटे प्रीतिसंगमापर्यंत जायचं, घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, चढायच्या, परत यायचं. पाच आठवडे असं केलं. काट्यावर चढले तर एकोणऐंशी पूर्णांक दोन. पाच आठवड्यांत दीड किलोही नाही! सहाव्या आठवड्यात शेव पाडता पाडता डोळ्यांपुढं अंधारी आली आणि सुनंदानं मला मागून धरलं म्हणून वाचले. नाहीतर तोंडावर कढईतच पडले असते.

आमच्या डॉक्टर अंजनीकर बाईंनी मला समोर बसवून झाडलं.

"उपास करून बहिणीला काय देणार आहात, स्वतःचं मढं?"

"मग काय करू? वजन हलत नाही. पूर्वी संकष्टी नि सोमवार धरले की महिन्याला दोन किलो जायचे."

"पूर्वी पाळी येत होती. आता शरीराची रीत बदलली. उपाशी ठेवलं की ते चरबी धरून ठेवतं आणि आधी मांस सोडतं. मांस गेलं की आणखी कमी जळतं. झोप येते का?"

"कुठली. तीन वाजता अंगाला आग लागते, जाग येते."

"म्हणजे तेही आहे. ऐका. तीन वेळा जेवा. प्रत्येक वेळी डाळ, उसळ, ताक, पनीर, काहीतरी असलंच पाहिजे. भाकरी एक, साखर बंद, तळलेलं बंद. आणि नुसतं चालून होणार नाही. वजन उतरवायचं तर वजन उचला."

"ह्या वयात?"

"ह्या वयातच."

मी घरी येऊन बेसनाच्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या घेतल्या, दोन हातांत धरल्या आणि गच्चीचा जिना चढले. उतरले. परत चढले. सुनंदा खाली पीठ मळत होती ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. "बाई, ते बेसन वर ठेवायचंय का खाली, एकदा काय ते ठरवा!" पंधरा दिवसांनी तीच मला मोजून द्यायला लागली. "आज अठरा झाले. दोन राहिले. चला."

आणि मग फोन सुरू झाले.

गिरिजाचा पहिला फोन स्वतःची तब्येत सांगायला नव्हता, तर मी खरंच पथ्य पाळतेय का ते बघायला होता. संध्याकाळी सात वाजता. दुपारचं जेवण जिरलेलं आणि रात्रीचं अजून लांब, अशी ती वेळ. जीव नुसता खायला मागायचा.

"काय करायलीस आक्का?" लग्नाला वीस वर्षं झाली होती, तिची भाषा पार लातूरची होऊन गेली होती.

"बसलेय. पोटात आग पडलीय."

"काय खाल्लीस दुपारी?"

"मुगाची उसळ, एक भाकरी, ताक."

"ताक!" ती अशी म्हणाली, जसं काही मी पंचपक्वान्नांचं ताटच वाढून घेतलं होतं. "वाटीभर का पेलाभर?"

"पेलाभर."

"हळूहळू प्यालीस का गटागटा?"

"गटागटा."

"वाया घालवलीस. मला दिवसाला तीन पेले पाणी, चहासकट. मी एक घोट तोंडात धरते आणि कपड्याच्या घड्या घालत बसते. सगळ्या घड्या झाल्या की मग गिळते."

माझी भूक मला एकदम फार लाडावलेली वाटली.

"आणि जेवण?"

"दुधी. दोनदा उकडून पाणी फेकलेला. डॉक्टर म्हणतेत त्यातला क्षार जायला पाहिजे. क्षार जातो, चव पण जाते, दुधी पण जातो. काय राहतं देवाला ठाऊक, ते मी खाते."

मी हसले. तीही हसली. आणि फोन ठेवताना म्हणाली, "उद्या करते."

दुसऱ्या दिवशी सात वाजता फोन आला. तिसऱ्या दिवशीही. आठवडाभरात असं झालं की पावणेसात वाजले की मी शेगडी बंद करायची, हात धुवायची आणि मोबाईल घेऊन मागच्या पायरीवर बसायची. कोणी गिऱ्हाईक आलं तर सुनंदा सांगायची, "बाई आता उठत नाहीत. आठला या."

आम्ही काय बोलायचो? खाण्याचं. नुसतं खाण्याचं. ऑपरेशन झाल्यावर काय खायचं ते. तिनंच नियम घातला होता, नुसतं नाव घ्यायचं नाही, चुलीपासून सांगायचं. ज्या दिवशी ती डायलिसिसवरून थकून आलेली असायची त्या दिवशी सांगायची पाळी माझी.

"शेंगाची पोळी सांग."

"दाणे आधी मंद भाजायचे. काळे नाही होऊ द्यायचे. साल पाखडून टाकायची. मग गुळाबरोबर कुटायचे, तेल सुटेपर्यंत."

"वेलदोडा?"

"जरासा. मग कणकेचा उंडा, त्यात हे सारण, आणि पातळ लाटायची. आई इतकी पातळ लाटायची की—"

"आईची मला आठवत नाही," गिरिजा म्हणाली.

आई गेली तेव्हा गिरिजा सात वर्षांची होती आणि मी अठरा. आमचं माहेर मंगळवेढ्याचं. वडील दुकानात असायचे. तिची वेणी, तिचा डबा, तिचा ताप, तिच्या उवा, सगळं मी केलं होतं.

"मला तुझीच पोळी आठवते," ती म्हणाली. "तू कडा जाळायचीस. मला वाटायचं शेंगाची पोळी कडेला काळीच असते. लग्न होऊन लातूरला आले, सासूबाईंनी केली तर म्हटलं, हिला येत नाही वाटतं."

मी पायरीवर बसून इतकी हसले की हे बाहेर येऊन बघून गेले.

वजन हलायला लागलं होतं. सत्त्याहत्तर. मग शहात्तर. कधी दोन-दोन आठवडे आकडा जागचा हलायचा नाही आणि मग एकदम किलो उतरायचं. झोप थोडी लागायला लागली. पंचाहत्तर झालं त्या दिवशी मी सात वाजायची वाट न बघता तिला डायलिसिस चालू असतानाच फोन केला. तिनं तो सगळ्या खोलीला ऐकवला. लातूरच्या त्या खोलीतल्या सहा पेशंटांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, ते मला फोनमध्ये ऐकू आलं.

दिवाळी आली तशी मात्र माझी परीक्षा सुरू झाली. वसुबारसेच्या आधीचे पंधरा दिवस पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. चव बघायची म्हणून वीस वर्षं माझा हात आपोआप तोंडाकडं जायचा. त्या वर्षी मी चवीचं काम सुनंदावर सोपवलं. ती चिवड्याची चिमूट तोंडात टाकायची आणि मी तिच्या तोंडाकडं बघत उभी राहायची. "मीठ?" "बरोबर." "साखर?" "थोडी हवी." अशी.

धनत्रयोदशीच्या दुपारी सुनंदा डबे पोचवायला गेली. घरात मी एकटी आणि परातीत करंज्या. मला त्या दिवशी विशेष भूकही नव्हती. फक्त फार थकले होते. एक उचलली. मग दुसरी. उभ्या उभ्या, भिंतीकडं तोंड करून मी सात करंज्या खाल्ल्या. आठवी हातात होती तेव्हा रडू आलं.

सात वाजता फोन आला तेव्हा मी दुसरं काही न बोलता तिला तेवढंच सांगितलं. "सात करंज्या खाल्ल्या गिरिजे. मला नाही होत."

मला वाटलं रागावली.

"गिरिजा?"

"मी सकाळी डाळिंब खाल्लं," ती म्हणाली. "अर्धं. पोरीसाठी सोलून ठेवलं होतं."

डाळिंब तिला विष होतं. केळं, चिकू, नारळपाणी, डाळिंब, कशालाच हात लावायचा नव्हता. त्यानं रक्तात क्षार वाढतो आणि हृदयच थांबू शकतं, हे मला तोपर्यंत पाठ झालं होतं.

"बसवराजला सांगितलंस?"

"नाही."

"छातीत काही होतंय?"

"धडधडतंय थोडं. सकाळपासून."

"गिरिजे, आत्ता फोन ठेव आणि दवाखान्यात जा. आत्ता. मी बसवराजला फोन करते."

"आक्का, रागावेल तो म्हणून—"

"जा म्हणते ना!"

त्या दिवशी तिला लगेच मशीनवर घेतलं. चार तास मी मागच्या पायरीवरून उठले नाही. ह्यांनी शाल आणून पाठीवर टाकली आणि शेजारी बसून राहिले. साडेअकराला बसवराजचा फोन आला, बरी आहे म्हणून. मग त्यानं फोन तिच्या कानाला लावला.

"आक्का, आजपासून आपण दोघींनी एकमेकींना खरं सांगायचं," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "बाकी कुणाला नाही सांगितलं तरी चालेल."

"बरं."

"सात करंज्या. शी."

त्यानंतर मी चुकले नाही. ती चुकली नाही. मार्गशीर्षात काटा एकाहत्तर पूर्णांक चारवर आला आणि पुण्याहून तारीख मिळाली.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आम्हा दोघींना एकाच खोलीत ठेवलं होतं. दोन खाटा, मध्ये पडदा. मी पडदा सारून टाकला. बसवराज आणि हे खाली कागदांवर सह्या करायला गेले होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि गिरिजा त्यात पाय सोडून बसली होती.

"आक्का, एक विचारू? लग्न झाल्यावर मंगळवेढ्याहून निघताना तू मला काय म्हणाली होतीस, आठवतंय?"

"रडू नको म्हणाले असेन."

"शनिवारी येते म्हणालीस."

मला आठवेना. एकवीस वर्षांची होते मी. मोटारीला फुलं बांधली होती, कोणी तरी घाई करत होतं. गिरिजा माझ्या पदराला धरून होती, एवढंच आठवलं. दहा वर्षांची पोर.

"कुठल्या शनिवारी ते सांगितलं नव्हतंस," ती म्हणाली. "म्हणून मी सगळ्या शनिवारी जायचे. शनिवारची शाळा सकाळची असायची. घरी दप्तर टाकायचे आणि स्टँडवर. तुमच्याकडची गाडी चारला यायची. कंडक्टर मला ओळखायला लागला होता. खाली उतरायच्या आधीच हात हलवायचा, नाही आली म्हणून."

"किती दिवस?"

"पाचवीचं सगळं वर्ष. सहावीत, तुझ्यामागं मला सांभाळणाऱ्या काकूनं बंद केलं."

"अगं, पण मी दिवाळीला आले होते की."

"आलीस ना. चार दिवस." ती हसली. त्या हसण्यात राग नव्हता, तेच मला सोसवेना. "इतकी खूश होतीस तू! हिरवी साडी, आणि कराडचं एकेक सांगत होतीस, तिथला संगम, तिथली दुकानं, सासरची माणसं. मी आपली तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होते. तू केसांतून हात फिरवत होतीस, पण लक्ष तिकडंच होतं तुझं. मी तेव्हाच ठरवलं, हिच्याकडं आता काही मागायचं नाही."

"गिरिजे..."

"तुला दोष देत नाही मी. उद्या भुलीतून उठते न उठते, म्हणून सांगितलं. खरं सांगायचं ठरलंय ना आपलं."

मी उठून तिच्या खाटेवर जाऊन बसले. डायलिसिसनं तिचे केस निम्मे झाले होते. हातात आले तेवढे घेतले आणि वेणी घालायला लागले. करंगळीएवढी झाली. तिनं मान सरळ धरली होती, लहानपणी धरायची तशी.

"मला माहीतच नव्हतं गं," मी म्हटलं.

"तुला कसं माहीत असेल," ती म्हणाली. "तू तुझ्या घरी होतीस."

सकाळी आधी मला नेलं.

शुद्धीवर आले तेव्हा कुशीत आग होती आणि हे उशाशी उभे होते. मला विचारायचं होतं ते त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं. "चालू झाली," हे म्हणाले. "टेबलावरच चालू झाली. पिशवी भरली म्हणे." आणि हा कमी बोलणारा माणूस तोंड फिरवून रडायला लागला. वर्षभर जिला लघवी अशी झालीच नव्हती तिची पिशवी भरली, एवढ्या गोष्टीवर आम्ही दोघं म्हातारी माणसं रडलो.

चौथ्या दिवशी मला चालवत तिच्या काचेच्या खोलीपर्यंत नेलं. ती आत पडून होती. तोंडावरची सूज उतरली होती आणि आत लपलेला तिचा चेहरा वर आला होता. तिनं मला बघून हात वर केला. मग बोटानं मनगटावर घड्याळ दाखवलं आणि सात बोटं दाखवली. संध्याकाळी सातला फोन करते म्हणून.

केलाही. पहिला महिनाभर रोज केला. आज किती पावलं चालले, डॉक्टर काय म्हणाले, आज काय खाल्लं. पण आता ती खरंच खात होती, सांगायला फारसं उरलं नव्हतं. जे खाल्लं ते "छान होतं" एवढ्यात संपायचं. मग रोजचा फोन एक दिवसाआड झाला. उन्हाळ्यात रविवारचा झाला. तिनं शिवणाचा क्लास काढला, मग मुलीचं कॉलेज, मग वसाहतीतल्या बायकांची भजनी मंडळी. तिच्या मागं किती काम होतं! आणि ते सगळं ती करू शकत होती.

मी बारीक झाले होते ते तशीच राहिले. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "शेटेबाई, काय केलंत हो? आम्हाला पण सांगा." मी सांगायची, उसळी खा, जिना चढा. बाकीचं सांगण्यासारखं नव्हतं.

पण पावणेसात वाजले की माझा हात शेगडीकडं जायचा. मी ती बंद करायची आणि मागच्या पायरीवर येऊन बसायची. सुनंदा डबे भरत राहायची. एकदा हेच म्हणाले, "तू कर की फोन. तिनंच करावा असं कुठं आहे?"

मी केला. पलीकडं पेटी वाजत होती, टाळ वाजत होते, बायका हसत होत्या. "आक्का!" गिरिजा ओरडून बोलत होती. "अगं, आम्ही बसलोत सगळ्या. उद्या अक्कलकोटला जायचंय. नंतर करू का?"

"कर, कर. काही विशेष नाही."

"बरी आहेस ना?"

"बरी आहे."

तिनं फोन ठेवायच्या आधी तिच्या हसण्याचा एक तुकडा ऐकू आला, दुसऱ्याच कोणाच्या तरी बोलण्यावर हसलेली. असं हसणं मी त्या चार महिन्यांत कधी ऐकलं नव्हतं. तेव्हा ती हसायची ते दमून हसायची. हे पोटातून आलेलं होतं.

मी फोन मांडीवर ठेवला. आणि माझ्या मनात जे आलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. आज ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, मी सत्तरीला टेकले, म्हणून सांगते. मला वाटलं, ती आजारी होती तेच बरं होतं.

लगेच मी कानाला हात लावले. देवापुढं जाऊन दिवा लावला. ती बरी व्हावी म्हणूनच तर मी घासाघासाला हात मागं घेतला होता. तरी ते खरं होतं. ते चार महिने ती रोज माझी होती. तिचा घोट न् घोट मला ठाऊक होता, माझा घास न् घास तिला. आणि आता ती तिच्या घरी होती, खूश होती, आणि मी इथं बसले होते. हिरव्या साडीतली मी तेव्हा अशीच लांब गेले असणार. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. तिच्याही मनात नव्हतं.

त्या फोननंतर दीडेक वर्षानं ती आली. भजनी मंडळाच्या बायका गाडी करून कोल्हापूरला निघाल्या होत्या, वाटेत कराड म्हणून तिनं गाडी आत वळवून घेतली. वीस मिनिटं थांबली. मी चहा टाकला. ती घरभर फिरली, पडवीत डोकावली, सुनंदाच्या पाठीवर थाप मारली. मी नुसती बघत होते. गाल भरले होते, दंड भरले होते, ब्लाउज घट्ट झाला होता.

"बघ ना आक्का, गोळ्यांनी त्रेसष्ट झालंय माझं," ती म्हणाली. "डॉक्टर ओरडतेत. तू एवढी उतरलीस आणि मला चढलं बघ सगळं."

"असू दे. छान दिसतीस."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ती माझ्या गळ्यात पडली. ज्या बाजूला तिच्या पोटात माझी किडनी होती ती बाजू माझ्या कुशीला घट्ट लागली. मांस चांगलं भरलेलं, ऊन ऊन. मी तिला सोडायच्या आधी तीच दूर झाली, कारण पुन्हा हॉर्न वाजला.

"येते आक्का."

"ये," मी म्हटलं.

ती अंगणातून जवळजवळ पळतच गेली. गाडीतल्या बायकांनी हात देऊन तिला वर ओढून घेतलं आणि काहीतरी म्हणाल्या, ती हसली. खिडकीतून हात हलवला. मीही हलवला.

कधी येशील, हे मी तिला विचारलं नाही.